पहिला काउन्सेलर चुकला तर

दोन वर्षांपूर्वी एक्स्प्रेसवेवर अपघात झाला. हाडं जुळली, पण ट्रकचा हॉर्न ऐकला की हात थरथरायचे. आई म्हणे, "गेलं ना रे ते आता!" पहिल्या काउन्सेलरनेही हेच सांगितलं, फक्त हजार रुपये घेऊन. झालं, मी थेरपीवरच फुली मारली. च्यायला, साधा मोबाईल घेताना दहा रिव्ह्यू वाचतो आपण!

दुसऱ्या मॅडमना मात्र आधी फोनवरच विचारलं, ट्रॉमासाठी काय शिकलायत? ईएमडीआर, म्हणाल्या. म्हणजे डोळे डावी-उजवीकडे फिरवत त्या आठवणीवर काम करायचं. ऐकायला विचित्र, पण डब्ल्यूएचओने २०१३मध्ये पीटीएसडीसाठी सुचवलेल्या उपचारांत ते आहे. पहिल्या दोन भेटींत त्यांनी अपघाताचा विषयही काढला नाही. तिसऱ्या वेळी मीच बोललो.

असं विचारणं उद्धटपणा नाही. आणि खिशाचा प्रश्न असेल तर टेली-मानसचा १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलतात.