न वाचतां आंगठा

संगणकाची आज्ञावली लिहिणारांस हल्लीं एक नवा मदतनीस मिळाला आहे. २०२१ सालीं आलेला कोपायलट पुढच्या ओळी तेवढ्या सुचवी. आतांचे मदतनीस सबंध प्रकल्पाच्या फायली वाचून कोणता भाग कशावर अवलंबून आहे तें सांगतात, व सांगितल्यास अनेक फायलींत एकदम फेरफारही करितात. नवशिक्यास मोह होतो तो येथेंच. आमच्या मतें पहिला आठवडा त्यास केवळ प्रश्न पुसावे: ह्या आज्ञावलीचें काम काय? आरंभ कोणत्या फायलींत? मग ती फाईल स्वतः उघडून उत्तर ताडून पाहावें. कारण हा मदतनीस चुकतो तोही मोठ्या ऐटीनें! पुढें बदल मागावा तो लहान, आणि जुनी प्रत गिटमध्यें जपून ठेवावी.

डहाणू-तलासरीच्या पालकांस ह्यांतलें मर्म निराळें सांगावयास नको. वाचतां न येणाऱ्या कागदांवर आंगठे उठवून येथल्या वारली शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या, वेठ मागें लागली. १९४५ सालीं झरीच्या परिषदेपासून तिच्याविरुद्ध उठावें लागलें. त्यांचीं पणतवंडें आज संगणकापुढें बसतात. यंत्र बदल दाखवून ‘मान्य आहे काय?’ असें विचारतें. तें बटण दाबण्यापूर्वीं शिक्षकांनीं मुलाजवळ बसून प्रत्येक ओळीचा अर्थ त्यास पुसावा, एवढी आमची विनंती आहे.