हार्लेममध्ये बसून रंगविलेले ब्राझील

फ्रान्स पोस्ट (१६१२–१६८०) या डच निसर्गचित्रकाराचा विषय निघाला की ‘ब्राझीलचा प्रत्यक्षदर्शी’ हे बिरुद त्यास ठरल्याप्रमाणे बहाल केले जाते. अमेरिका खंडाचा निसर्ग तेथे जाऊन रंगविणारा तो पहिला प्रशिक्षित युरोपीय चित्रकार, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या सरसकट सर्व चित्रांना पुराव्याचा दर्जा देण्यास.

१६३७ च्या आरंभी डच गव्हर्नर योहान मॉरिट्स याच्यासमवेत पोस्ट रेसिफे बंदरात उतरला व १६४४ मध्ये मायदेशी परतला. (डच-पोर्तुगीज हाडवैर गोव्याच्या वाचकांस सांगावयास नको, त्याच वर्षांत डच आरमार गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करीत होते.) ब्राझीलमध्ये केलेली त्याची सातच तैलचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील १६३७ चे इतामाराका बेटाचे चित्र पाहावे. विस्तीर्ण आभाळ, संथ पाणी, अलीकडच्या काठावर मोजकी माणसे, त्यांत आफ्रिकी गुलामही. आरास कसलीही नाही.

उरलेली शंभराहून अधिक चित्रे हार्लेमची आहेत, गिऱ्हाइकांच्या आवडीनुसार केलेली. अग्रभागी निवडुंग, अननस व चित्रविचित्र प्राणी यांची दाटी, मागे निळसर क्षितिज, आणि मध्ये साखरेच्या कारखान्यापाशी रमलेले, क्वचित नाचणारेही गुलाम! चरक बरोबर असेल, घराचे छप्परही बरोबर असेल. राबणुकीचा जाच मात्र जवळजवळ पुसून टाकलेला. याच कारखान्यांना गुलाम पुरविता यावेत म्हणून मॉरिट्सने १६३७ मध्येच आरमार धाडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिना किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला होता.

जागेवर केलेला पंचनामा आणि वरिष्ठांस रुचेल असा कचेरीत बसून लिहिलेला अहवाल, यांतील अंतर आम्ही सरकारी नोकरीत पुरेपूर पाहिले आहे. सही दोहोंवर एकाचीच असते.

चित्रकारालाही पोट असते, असे कोणी म्हणेल. असतेच. १६५४ मध्ये डचांनी ब्राझील गमावल्यावरही ही चित्रे खपत राहिली, यात पोस्टचा गुन्हा तो काय? परंतु त्या दिवाणखान्यांसाठी सजविलेले गुलाम आज ‘तत्कालीन जीवनाचे दर्शन’ म्हणून ग्रंथांतून छापणाऱ्यांना ही सबब नाही.

१६७९ मध्ये मॉरिट्सने चौदाव्या लुईस दिलेल्या नजराण्यातील, ब्राझीलमध्ये केलेली चार चित्रे लुव्र संग्रहालयात आहेत. छापावयाचेच असेल तर त्यांतील एक आणि हार्लेमचे एक शेजारी-शेजारी छापावे, आणि चित्र कोठे बसून काढले हे चित्रकाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत खाली द्यावे.