दहा हजारांचा हिशेब

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सर्वांत लांब फटक्याची काठी. २०२४ साली टेलरमेड आणि पिंगने '१० के' ड्रायव्हर आणले. दहा हजार कसले? तर मोमेंट ऑफ इनर्शियाचे, ग्रॅम-सेंटिमीटर वर्गात. पण मित्रांनो, ही दोन अक्षांची बेरीज आहे! नियमाची मर्यादा फक्त उभ्या अक्षाला, ५,९००.

फायदा खोटा नाही. चेंडू मध्य सोडून लागला तरी डोकं कमी वळतं. पण बरोबर मध्यावर लागलेल्या चेंडूला त्यातून जादा काहीच मिळत नाही. पात्याच्या स्प्रिंगसारख्या उसळीवरही नियमाची मर्यादा आहेच.

म्हणून माझं स्पष्ट मत : एकच लांब फटका बघून भुलू नका. जुन्या-नव्या दोन्हींनी वीस-वीस मारा, पसारा मोजा. स्टँडर्ड डेव्हिएशन काय फक्त पेपरात लिहायला शिकलो?