घरचें आरोग्य : अजिनोमोटोची पारख

परभणीच्या उरुसाच्या जत्रेंत नूडल्स खाल्ले, आणि रात्रीं आमच्या धाकट्या जाऊबाईंचें डोकें धरलें. असें पूर्वींही दोनदां झालें होतें. ‘हा अजिनोमोटोचाच प्रताप!’ असें घरांत ठरलें, आणि त्या बाहेरच्या प्रत्येक घासाला भिऊं लागल्या. परंतु चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यांत लाभ कोणता?

हा पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. वेष्टनावर त्याचा क्रमांक ६२१ असतो. किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं समुद्रशेवाळाच्या कढणांतून ही चव ओळखली. पिकलेल्या टोमॅटोंतही ग्लुटामेट असतेंच. १९६८ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एका डॉक्टरांचें पत्र आलें, आणि मान बधिर होणें, छाती धडधडणें यांचें खापर त्यावर फुटलें. पुढें खाणाऱ्यास न कळूं देतां केलेल्या प्रयोगांत तो आरोप टिकला नाहीं. रिकाम्या पोटीं तीन ग्रॅम वा अधिक घेतल्यास कांहीं थोड्यांना अल्पकाळ त्रास होतो, इतकेंच दिसलें.

आम्हींही तसेंच केलें. प्रथम पंधरा दिवस तो वर्ज्य करून जाऊबाईंनीं जेवण, झोप व डोकेंदुखी यांची वही ठेविली. नंतर एक दिवसाआड सहा वेळां त्यांना मिरें-लिंबू घातलेलें मुगाचें कढण दिलें. त्यांपैकीं तीन वेळां सासूबाई त्यांत लहान चमच्याचा आठवा हिस्सा अजिनोमोटो मिसळीत. कोणत्या दिवशीं, हें त्यांच्यावांचून कोणासही, नोंद करणाऱ्या मलाही, ठाऊक नव्हतें. नेमक्या त्याच तीन दिवशीं डोकें दुखतें, तर तो योगायोग असण्याचा संभव वीसांत एक. मग पुन्हां पडताळून तो पदार्थ टाळणें योग्य ठरलें असतें.

डोकें दोनदां दुखलें : एकदां मिसळलेल्या दिवशीं, एकदां साध्या. वही मात्र बोलकी निघाली. दुखण्याच्या बहुतेक दिवशीं उपास होता किंवा जागरण. जत्रेंतही त्या दुपारपासून उपाशीच होत्या! सहा वाट्यांनीं सिद्धांत होत नाहीं, हें खरें. पण जेवण वेळेवर होऊं लागलें, आणि डोकेंदुखी पुष्कळ उणावली.

एक इशारा. दमा असेल, अंगावर गांधी उठत असतील, ओठ वा घसा सुजत असेल, तर हा प्रयोग घरीं कदापि करूं नये. मुलांवर व गर्भवतींवरही नको. बेदाणे व जर्दाळू टिकविण्यासाठीं वापरलेलें गंधकाचें द्रव्य दमेकऱ्यास खरोखरच बाधूं शकतें. तेथें डॉक्टरांनाच विचारावें. इतरांनीं मात्र पदार्थ सोडण्याआधीं वही धरावी.