खरे वाक्य कोणाच्या खर्चाने?

लेखनाची हौस असलेल्या प्रत्येकाला हेमिंग्वेचा उपदेश कधी ना कधी ऐकावा लागतो. लेखणी अडली की आपल्याला पक्के ठाऊक असलेले एखादे साधे, खरे वाक्य लिहावे. नटवेपणा आढळल्यास छाटून टाकावा. पुढचा मार्ग आपोआप सापडतो, असे त्याचे सार. 'अ मूव्हेबल फीस्ट' या पॅरिसच्या आठवणींत हे येते. पुस्तक निघाले १९६४ साली, हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर ३ वर्षांनी.

उपदेशातली कात्री मला मान्य आहे. वार्षिकांकांतील मावळतीचे रंग, जीवननौका आणि कारणावाचून ढाळलेली आसवे पाहिली की ती आपल्या सर्वांच्या हाती हवी असेच वाटते. माझा आक्षेप निराळा आहे. खरे वाक्य लिहिणाऱ्याला मोकळे करते. पण ज्याच्याविषयी ते लिहिले, त्याचे काय?

त्याच पुस्तकात स्कॉट फिट्झजेराल्ड आणि गर्ट्रूड स्टाइन यांची बोचरी चित्रे आहेत. ते निघाले तेव्हा फिट्झजेराल्डला जाऊन २४ वर्षे झाली होती, स्टाइनबाईंना १८. उत्तर देणार कोण? शिवाय प्रस्तावनेत, हवे तर हे सारे कल्पित समजा, अशी वाचकाला मुभा! पुढे २००९ साली नातू शॉन याने हस्तलिखितांवरून निराळी आवृत्ती काढली. हेमिंग्वेची दुसरी पत्नी पॉलिन ही त्याची आजी. म्हणजे आजोबांच्या खऱ्या वाक्यांना नातवंडांच्या घरीही हिशेब असतो.

हा हिशेब माझ्याही घरी आहे. आमच्याकडे आजोबा 'मुंबईला गेले' एवढेच सांगायची रीत. तिकडे त्यांनी दुसरा संसार थाटला हे गावाला माहीत आहे. आजीने ते कधी उच्चारले नाही. सगळे सविस्तर लिहिले तर सर माझी पाठ थोपटतील, पण तिने आयुष्यभर सांभाळलेली अब्रू एका परिच्छेदात खर्ची पडेल. म्हणून वरची वाक्ये छापायला देण्यापूर्वी मी तिला वाचून दाखवली. "एवढंच असू दे," ती म्हणाली. तेवढेच ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल, असे विचारत बसलो तर मराठीत 'बलुतं' झाले असते का? प्रश्न रास्त आहे. पण १९७८ च्या त्या आत्मकथनात दया पवारांनी दगडू मारुती पवार या आपल्याच दुसऱ्या रूपाला बोलते केले. इतरांविषयीही तेथे झाकून ठेवलेले नाही. तरी पहिला घाव लेखकाने स्वतःवर घेतला आहे. तेवढा अधिकार कमावल्यावर माणसाने बोलावे.

तेव्हा मित्रहो, खरे वाक्य अवश्य लिहा. मात्र त्याची किंमत आपण मोजणार आहोत की घरातले दुसरेच कोणी, हे लिहिण्याआधी स्वतःला विचारा. या प्रश्नाचे उत्तरही खरेच द्यावे लागते.