उजवे की डावे? केगवर्थची एकोणीस मिनिटे

१/ ८ जानेवारी १९८९ ची रात्र. हीथ्रोहून बेलफास्टकडे निघालेले ब्रिटिश मिडलंडचे बोइंग ७३७-४०० विमान १२६ जणांना घेऊन उंची गाठत होते. अठ्ठावीस हजार फुटांवर डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले, जळका वास आणि धूर पसरला. सुमारे दोन मिनिटांनी वैमानिकांनी एक इंजिन बंद केले. दुर्दैवाने ते उजवे, म्हणजे धडधाकट इंजिन होते.

२/ एकोणीस मिनिटांत सारे संपले. ४७ जण दगावले. पुढे दोन्ही वैमानिकांना कंपनीने बडतर्फ केले. ‘वैमानिकाची चूक’ असे म्हणून ही घटना आजही दोन शब्दांत गुंडाळली जाते. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. आणि अपुरे उत्तर इतिहासात अनेकदा खोट्याहून अधिक घातक ठरते.

३/ उजवेच इंजिन का? मुख्य वैमानिकाला धूर प्रवासी कक्षाकडून येत असल्याचे वाटले. जुन्या ७३७ विमानांत त्या कक्षाची हवा प्रामुख्याने उजव्या बाजूने येई. नव्या ४०० मध्ये ही रचना बदलली होती. म्हणजे तर्क निराधार नव्हता; तो कालबाह्य झालेल्या ज्ञानावर उभा होता.

४/ त्यात योगायोगाची भर पडली. उजवे इंजिन मंद करण्याआधी स्वयंचलित थ्रॉटल बंद केला गेला. त्यामुळे बिघडलेल्या डाव्या इंजिनाला जाणारे इंधनही घटले आणि त्याची धडधड ओसरली. वैमानिकांचा समज झाला की उपाय लागू पडला. चुकीच्या निर्णयाला परिस्थितीनेच दुजोरा दिला.

५/ खरे सांगणारे यंत्र समोरच होते. डाव्या इंजिनाचा कंपनमापक अतिरेकी कंपन दाखवीत होता. परंतु ती तबकडी लहान होती आणि जुन्या विमानांतील अशा मापकांवर वैमानिकांचा विश्वास नसे. शिवाय या नव्या विमानाच्या सिम्युलेटरवर दोघांचाही सराव झालेला नव्हता.

६/ मुख्य वैमानिकाने नेमके काय घडले याचा फेरआढावा घ्यायला सुरुवात केली होती. तेवढ्यात रेडिओवरून संदेश आले आणि तो आढावा अर्धवट राहिला.

७/ सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मागच्या कक्षात घडली. अनेक प्रवाशांनी आणि काही कर्मचाऱ्यांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्या. उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणा ऐकून प्रवासी चक्रावले. पण कोणी बोलले नाही. जाणत्यांना ठाऊक असणारच, असे प्रत्येकाने गृहीत धरले. एका दाराच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे सत्य होते.

८/ ईस्ट मिडलंड्सची धावपट्टी साडेचार किलोमीटरांच्या आत आली असता डाव्या इंजिनानेही दगा दिला. उजवे सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण वेळ उरला नव्हता. विमान केगवर्थजवळ एम-१ महामार्गाच्या बांधावर आदळले.

९/ यावर आक्षेप येईल : मग दोषी कोणीच नाही का? तसे नव्हे. वैमानिकांनी घाई केली, प्रशिक्षणाविरुद्ध वागून मापक नीट न वाचता निर्णय घेतला, हे १९९० च्या अधिकृत अहवालात स्पष्ट नमूद आहे. पण त्याच अहवालाने ३१ शिफारशीही केल्या. सारा दोष दोघांचाच असता, तर त्या कोणासाठी होत्या? पाते वैमानिकांनी तोडले नव्हते; त्या वर्षीच्या जूनमध्ये याच प्रकारच्या आणखी दोन इंजिनांत तसाच बिघाड झाला.

१०/ धडा मात्र आपोआप टिकत नाही. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ विमानाचे एक इंजिन निकामी झाले आणि वैमानिकाने दुसरे, चालू इंजिन बंद केले. ४३ जण मृत्युमुखी पडले. सव्वीस वर्षांनी तीच घाई, तीच अदलाबदल.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एवढे घ्यावे : ‘कोण चुकले?’ हा चौकशीचा पहिला प्रश्न आहे, अखेरचा नव्हे. ‘त्या क्षणी त्यांना तेच बरोबर का वाटले?’ हे विचारल्याखेरीज पुढची चूक टळत नाही. गुन्हेगार सापडला की शोध थांबतो, आणि ज्यांनी ज्वाळा पाहिल्या त्यांना कोणी विचारतच नाही.