पडण्याआधी विचारा



गळीत हंगाम संपला की आपल्या कारखान्याची मिल, बॉयलर, टर्बाइन खोलून तपासतात. बंद पडल्यावर बघू, असं कोणी म्हणत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. आबा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, की मग धावपळ, दवाखाना, ऑपरेशन, आणि पुढच्या ऊसबिलावर डोळा ठेवून उसनवारी. वर म्हणायचं, "वय झालं, चालायचंच!" हे चालायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत सर्वांत जास्त साठीपुढची असतात.

पडण्याची चिन्हं बहुतेक वेळा आधी दिसू लागतात. पण माणूस ती लपवतो. बांधावर तोल गेला हे घरी कळलं तर उद्यापासून शेत बंद, बाजार बंद, ही धास्ती त्याला असते. ती खोटीही नाही. "तात्या, आता गप घरी बसा," हेच आपलं पहिलं औषध! पण बसून बसून पायातलं बळ जातं आणि माणूस जास्तच पडतो. म्हणून रागावू नका, विचारा. प्रश्न तीनच आहेत :

१) गेल्या वर्षभरात कुठं पडलात का?
२) उभं राहताना, चालताना तोल जातो असं वाटतं का?
३) पडायची भीती वाटते का?

एकाचंही उत्तर 'होय' आलं तर पुढची तपासणी करावी. १९९१ सालापासून डॉक्टर मंडळी एक सोपी चाचणी वापरतात. माणसाला खुर्चीवर बसवायचं. उठून नेहमीच्या चालीनं ३ मीटर जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. काठी वापरत असेल तर काठीसह. आधाराला शेजारी कोणीतरी उभं राहावं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर धोका आहे असं समजून डॉक्टरांना दाखवावं.

दाखवताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. झोपेच्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांनीही घेरी येते. पण आपल्या मनानं गोळी बंद करू नये. अंथरुणातून उठल्यावर रक्तदाब उतरतो का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हेही पाहून घ्यावं. घरात मोरीतलं शेवाळ घासावं, धरायला लोखंडी दांडी बसवावी, उंबऱ्यापाशी आणि संडासच्या वाटेवर दिवा असावा, झिजलेली चप्पल टाकून द्यावी. ज्या भागात शेतीपंपाला अजून रात्रीची वीज मिळते, तिथं पाणी धरायला म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नये. दिवसाचं शेतावरचं फिरणं मात्र तोडू नये. पायाला बळ आणि तोल येईल असा नियमित व्यायाम केल्यानं पडणं कमी होतं, हे आता सिद्ध झालं आहे.

आता कारखान्याविषयी. माती परीक्षणासाठी आपण शिबिरं घेतो, ते योग्यच आहे. पण ज्यांनी एकेक शेअर घेऊन हे कारखाने उभे केले, त्या पिढीच्या पायाखालची जमीनही एकदा तपासायला नको का? प्रत्येक गट कार्यालयात एक खुर्ची, ३ मीटरची चुन्याची रेघ, एक घड्याळ आणि चाचणी शिकवलेला एक माणूस, एवढंच लागेल. हात नसलेल्या जिन्यांना कठडे बसवावेत आणि वार्षिक सभेत वयस्कांच्या खुर्च्या दाराजवळ ठेवाव्यात. यात खर्च नाममात्र आहे.

संचालक मंडळाने येत्या सभेपूर्वी याचा विचार करावा, ही विनंती. सभासदांनी मात्र सभेची वाट पाहू नये. तीन प्रश्न आज संध्याकाळीच घरात विचारावेत, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसावं.